वर्ण, रंग आणि वैद्यक

'वर्ण' ह्या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ रूढ आहेत. कातडीचा रंग हा एक, आणि चातुर्वर्ण्यातील पायरी हा दुसरा. ह्या दोन अर्थांची गाठ इतकी घट्ट बसलेली आहे की, माणसाच्या रंगाविषयी कोणी शास्त्राच्या भाषेत बोलू लागला की आपल्या माणसाच्या मनात प्रथम संशय उभा राहतो. तो संशय अनुभवातून आलेला आहे, म्हणून त्याला हसण्याचे कारण नाही. तरीही त्वचेच्या रंगाचे वस्तुनिष्ठ मोजमाप कसे करावे हा आज वैद्यकातील एक निकडीचा प्रश्न झाला आहे. हा प्रश्न काय आहे, तो सोडवण्याचे कोणते प्रयत्न झाले आणि आपण त्यांच्याकडे कसे पाहावे, एवढेच येथे सांगायचे आहे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, डॉक्टर नाही. परंतु प्रकाश कसा शोषला जातो आणि कसा परत फिरतो हे शिकवणे माझे रोजचे काम आहे, आणि घरातला एक प्रसंग अजून डोक्यातून गेलेला नाही.

तो प्रसंग आधी सांगतो. १५ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू केली. घरोघर जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजायचा, असे तिचे स्वरूप होते. टेमघरच्या आमच्या वस्तीतही आशाताई आल्या. माझ्या आईला चार दिवस खोकला होता. ताईंनी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ९६. "चांगला आहे, काळजी नको," म्हणून त्या पुढच्या दाराला गेल्या. त्यांनी त्यांचे काम नीट केले होते. रात्री आई उठून बसली आणि म्हणाली, "आकडा चांगला हाय म्हनली ना ताई, मंग माझा जीव का असा घाबरा व्हतोय?" पहाटे तिला दवाखान्यात नेले. तेथे मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासले, तेव्हा प्राणवायू बोटाच्या यंत्राने दाखवला त्याहून बराच कमी निघाला. आई वाचली. ते यंत्र नेमके कशामुळे चुकले हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका रात्रीत प्रकृती बिघडलीही असेल. बोटे गार असतील, किंवा पंचवीस वर्षे कांड्या भरून घट्टे पडलेल्या बोटांतून उजेड नीट गेला नसेल. पण आई काळी आहे, आणि काळ्या कातडीवर हे यंत्र वरचा आकडा दाखवू शकते, हे नंतर वाचनात आले तेव्हा मी दचकलो.

ऑक्सिमीटरचे तत्त्व सोपे आहे. यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडते. एक तांबडा, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा, जो डोळ्यांना दिसत नाही. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातील रक्त कमीजास्त होते. त्या हेलकाव्यावरून यंत्र दोन्ही शोषणांचे गुणोत्तर काढते. कातडी हेलकावत नाही, म्हणून तिचा हिस्सा हिशेबातून आपोआप वगळला जावा, अशी अपेक्षा असते. पण ते पूर्णपणे होत नाही. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषते, आणि अवरक्तापेक्षा तांबडा जास्त शोषते. शिवाय कोणत्या गुणोत्तराला किती टक्के म्हणायचे हे केवळ सूत्रावरून ठरत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देऊन, त्यांचे रक्त तपासून ते ठरवले जाते. हे स्वयंसेवक बहुतांशी गोरे असतील तर यंत्राच्या पोटात गोरी कातडी हीच 'माणसाची कातडी' म्हणून बसते.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. ज्या रुग्णांचा आकडा ९२ ते ९६ होता त्यांच्या धमनीतील रक्त त्यांनी पाहिले. प्रत्यक्षात प्राणवायू ८८ टक्क्यांखाली गेलेला असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के निघाले. म्हणजे जवळपास तिप्पट. यंत्र निर्धोक म्हणत होते आणि माणूस आतून गुदमरत होता.

ह्याहून बोलका भाग पुढे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली ह्या यंत्रांच्या चाचणीसाठी मार्गदर्शन केले होते. चाचणीत किमान दहा माणसे घ्यावीत, आणि त्यांत किमान दोन किंवा १५ टक्के, जो आकडा मोठा असेल तेवढी 'गडद' त्वचेची असावीत, असे त्यात होते. गडद म्हणजे किती गडद? त्याची मोजून केलेली व्याख्या नव्हती. चाचणी घेणाऱ्याच्या डोळ्यांना जो गडद वाटेल तो गडद. मिशिगनच्या अभ्यासातही कातडीचा रंग मोजलेला नव्हता. रुग्णाने स्वतःची जी वंशनोंद दिली तीच रंगाच्या जागी वापरली होती. म्हणजे चूक आहे हे कळले, पण रंगाच्या कोणत्या पायरीपासून ती किती वाढत जाते हे त्यातून कळू शकत नव्हते. आपल्या देशात तर ही 'गोरे' आणि 'काळे' अशी दोन खणांची मांडणी मुळीच बसत नाही. एका घरात, एका आईच्या पोटी तीन रंगांची भावंडे असतात.

येथे आपल्या रोजच्या शब्दांकडे पाहू. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. पोलिसांच्या बेपत्ता माणसाच्या जाहिरातीत 'रंग सावळा, बांधा मध्यम' असे छापलेले असते. वधूवरांच्या जाहिरातीत 'गव्हाळ' असते आणि प्रत्यक्ष पाहायला गेले की त्याचा अर्थ बदलतो. माहेरी जी मुलगी 'सावळी' ती पाहायला आलेल्या मंडळींच्या बोलण्यात 'काळी' होते. मुलीच्या त्वचेत त्या दोन तासांत काहीच बदललेले नसते. बदललेले असते ते पाहणाऱ्याचे हितसंबंध. हे शब्द रंगाचे वर्णन करतात असे आपण समजतो, प्रत्यक्षात ते बाजारभाव सांगतात. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली आपल्या देशात आले आणि २०२० साली त्याच्या नावातून 'फेअर' काढावे लागले; मधली पंचेचाळीस वर्षे तो भाव उघडपणे छापला जात होता. असे शब्द केसपेपरवर लिहून कोणतेही शास्त्र उभे राहणार नाही.

डोळ्यांच्या ह्या लहरीतून सुटण्याचे प्रयत्न जुने आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी फेलिक्स फॉन लुशान ह्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने रंगीत काचेच्या छत्तीस तुकड्यांची पट्टी केली. तुकडा कातडीशेजारी धरायचा आणि जुळेल तो क्रमांक लिहायचा. पण एकाच माणसाला दोन निरीक्षक दोन क्रमांक देत. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले ह्या इंग्रज अधिकाऱ्याने जातींची शरीरे मोजण्याचा उद्योग मांडला. १९०८ च्या आपल्या ग्रंथात त्याने शारीरिक लक्षणांचे दोन वर्ग केले: आकड्यांत मांडता येणारी निश्चित लक्षणे, आणि केवळ शब्दांत वर्णन करता येणारी अनिश्चित लक्षणे. कातडीचा रंग त्याने दुसऱ्या वर्गात टाकला आणि भर दिला नाकाच्या मापावर. नाकाची रुंदी जसजशी वाढते तसतशी सामाजिक प्रतिष्ठा उतरते, असा त्याचा सिद्धान्त होता.

हे मोजणे कोणासाठी होते, हे आपल्याला ठाऊक आहे. उतरंड आधीच मान्य करून तिच्यासाठी आकडे गोळा करण्याचा तो प्रकार होता. त्याला उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काय केले, हे मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. अस्पृश्य मूळचे कोण, ह्या प्रश्नावरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी मोजण्यालाच नकार दिला नाही. डॉ. घुर्ये यांनी दिलेले नाकाच्या मापांचे आकडे त्यांनी समोर ठेवले, प्रांतवार शेजारी शेजारी लावले, आणि त्याच आकड्यांवरून ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात असा निष्कर्ष काढला. वंशभेदाचा पाया त्यांनी विरोधकाच्याच मापाने उखडला. आज वंशाचे वर्गीकरण नाकाच्या मापावरून कोणी करत नाही, करूही नये. पण आकडा मागावा, तो तपासावा आणि त्याचा अर्थ लावण्याचा हक्क दुसऱ्याकडे सोपवू नये, हा बाबासाहेबांचा धडा जुना झालेला नाही.

वैद्यकात सर्वांत जास्त वापरली गेलेली पद्धत म्हणजे फिट्झपॅट्रिकची. थॉमस फिट्झपॅट्रिक हे हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ. सोरालेन हे औषध देऊन नंतर अतिनील किरण सोडायचे, असा एक उपचार सोरायसिससारख्या रोगांवर तेव्हा नव्याने रुळत होता. आपल्याला हे तत्त्व परके नाही; कोडावर बावचीचे बी लावून उन्हात बसवण्याचा आयुर्वेदातील उपचार ह्याच सोरालेनवर चालतो. किरणांची मात्रा जास्त झाली तर कातडी भाजते. म्हणून १९७५ साली फिट्झपॅट्रिक यांनी रुग्णाला विचारले: उन्हात गेल्यावर तुम्ही भाजता, की रापता? उत्तरावरून चार प्रकार केले. हे चारही प्रकार गोऱ्या कातडीचे होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले गेले.

ही पद्धत ज्या कामासाठी निघाली त्या कामापुरती उपयोगाची होती. घोटाळा पुढे झाला. ऊन सोसण्याची ही वर्गवारी रंगाची वर्गवारी म्हणून सर्रास वापरली जाऊ लागली. जगातल्या बहुसंख्य माणसांना शेवटच्या दोनतीन खणांत दाटीवाटीने बसवून गोऱ्यांना ऐसपैस जागा देणारी ही पट्टी आजही त्वचारोगांची छायाचित्रे संगणकाला शिकवण्यासाठी वापरतात. आणि 'तुम्ही उन्हात भाजता का' हा प्रश्न आमच्याकडच्या विटभट्टीवरच्या किंवा नाक्यावरच्या मजुराला विचारून पाहा. तो म्हणेल, "साहेब, रोजच भाजतो." त्याचे उत्तर खरे असते, फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचे असते.

२०२२ साली हार्वर्डमधील समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी गूगल कंपनीने प्रसिद्ध केली. तिच्यात गडद छटांना अधिक जागा आहे. ही सुधारणा खरी आहे. तथापि पट्टी कोणतीही असो, ती डोळ्यांनी लावायची असते, आणि डोळा खोलीतील उजेडाप्रमाणे आणि शेजारच्या रंगाप्रमाणे फसतो.

मग उपाय काय? तो आम्हा भिवंडीकरांच्या धंद्यातच आहे. आमच्या यंत्रमागावर निघणारे बहुतेक कापड कोरे, म्हणजे ग्रे असते. पुढे ते रंगायला जाते. नमुन्याचा रंग आणि ताग्याचा रंग जुळला की नाही, हा तेथे पैशाचा प्रश्न असतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो हे प्रत्येक रंगाऱ्याला माहीत असते. म्हणून मोठ्या ठिकाणी स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचे यंत्र ठेवतात. ते ठरावीक प्रकाश कापडावर सोडते, परत आलेला प्रकाश तरंगलांबीनुसार मोजते आणि रंगाला तीन आकडे देते. ही तीन आकड्यांची पद्धत प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ साली ठरवून दिली. पहिला आकडा 'एल', म्हणजे उजळपणा: शून्य म्हणजे संपूर्ण काळे, १०० म्हणजे संपूर्ण पांढरे. दुसरा 'ए', हिरव्यापासून तांबड्यापर्यंत. तिसरा 'बी', निळ्यापासून पिवळ्यापर्यंत. कापडाला जो मान मिळतो तो माणसाच्या कातडीला मिळायला हरकत नाही.

त्वचेसाठी ह्या आकड्यांतून एक कोन काढतात. 'एल'मधून ५० वजा करायचे, उरलेल्याला 'बी'ने भागायचे आणि त्या भागाकाराचा टॅन्जंट असलेला कोन अंशांत लिहायचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'आयटीए' म्हणतात. उदाहरणार्थ, समजा एका माणसाच्या दंडाच्या आतल्या बाजूला एल ४८ आणि बी १९ आला. कोन येतो सुमारे उणे ६ अंश. त्याच माणसाच्या कपाळावर एल ४० आणि बी १८ आला. कोन येतो सुमारे उणे २९ अंश. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला त्याच्या जन्मजात रंगाच्या जवळचा, दुसऱ्यात त्याच्या मजुरीचे ऊन मिसळलेले. म्हणून शरीराच्या कोणत्या जागी मोजले हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. यंत्र कातडीवर दाबले तर रक्त बाजूला सरून रंग फिकट होतो, तेल, हळद, मेंदी, पावडर असेल तर आकडा बिघडतो. म्हणून हलक्या हाताने, स्वच्छ जागी, तीनदा मोजून सरासरी घ्यावी लागते.

ह्या कोनावरून सहा गट करण्याची रीत आहे. ५५ अंशांच्या वर अतिउजळ, ४१ ते ५५ उजळ, २८ ते ४१ मध्यम, १० ते २८ रापलेला, उणे ३० ते १० तपकिरी, आणि उणे ३० च्या खाली गडद. आता ह्या भिंतींमधले अंतर पाहा. 'मध्यम' हा खण १३ अंशांचा आहे आणि 'तपकिरी' ४० अंशांचा. त्याखालची सगळी माणसे एकाच खणात. वर दिलेल्या उदाहरणातील दंड आणि कपाळ ह्यांत २३ अंशांचा फरक असूनही दोन्ही 'तपकिरी'च ठरतात. गोऱ्या बाजूला तेवढ्या फरकात दोन भिंती ओलांडल्या जातात. कोन वस्तुनिष्ठ आहे, भिंती माणसांनी घातलेल्या आहेत. म्हणून संशोधनात गटाचे नाव न लिहिता अंश लिहावेत, आणि भिंत घालायचीच असेल तर ज्या उपचाराचा प्रश्न आहे त्याप्रमाणे घालावी. ऑक्सिमीटरची चूक जेथून वाढते ती भिंत वेगळी असेल, किरणोपचाराची वेगळी.

माणसामाणसांतल्या ह्या फरकाचे मूळ कशात आहे, हेही सांगून टाकतो. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या जातीचे मेलॅनिन बनवतात आणि त्याचे कण त्वचेत कसे पसरतात ह्याचा. शिवाय त्वचेच्या रंगात रक्ताचा तांबडेपणा आणि पिवळी द्रव्येही मिसळलेली असतात. ही सर्व प्रमाणे सलग बदलत जातात. निसर्गात कोठेही खण नाहीत. जातीचे नाव तर ह्यातले काहीच सांगत नाही. म्हणून रंगाच्या जागी जात किंवा वंश लिहून केलेले संशोधन वैद्यकदृष्ट्याही कच्चे असते.

अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये ऑक्सिमीटरच्या चाचणीचा नवा मसुदा काढला. दहाच्या जागी किमान दीडशे माणसे, आणि त्यांची निवड डोळ्यांनी मंक पट्टी लावून तसेच यंत्राने आयटीए मोजून, असे त्यात सुचवले आहे. म्हणजे 'गडद' ह्या शब्दाला आकडा मिळू लागला आहे. त्यासाठी कित्येक माणसांचे श्वास खर्ची पडले.

आपल्यातील काही मित्र म्हणतात की, रंगाची नोंदच नको. डॉक्टरने सर्वांना सारखे पाहावे. ही भावना मला समजते. शाळेत बाईंनी हजेरीच्या वेळी मला रंगावरून हाक मारलेली मी विसरलेलो नाही. पण नोंद न करता सारखे पाहणारे यंत्र आईच्या बोटाला लावलेले मी पाहिले आहे. ज्याने रंग विचारात घेतला नाही त्याने एक रंग गृहीत धरलेला असतो, आणि तो आपला नसतो. माणसाला पायरी देण्यासाठी रंग पाहिला गेला, त्याचा निषेध केलाच पाहिजे. माणसाला बरे करण्यासाठी रंग मोजला जात नाही, त्याचाही निषेध केला पाहिजे. ह्या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी काही साधे प्रश्न विचारायला लागावे. सार्वजनिक पैशाने घेतलेले यंत्र कोणत्या माणसांवर तपासले होते? त्यांत गडद त्वचेची किती होती, आणि गडद हे कशाने मोजले होते? वैद्यकीय महाविद्यालयातील आपल्या मुलामुलींनी पाठ्यपुस्तकातील पुरळ, सूज आणि चट्टे कोणत्या रंगाच्या कातडीवर दाखवले आहेत ते पाहावे. लंडनमध्ये शिकणाऱ्या मलोन मुक्वेंदे ह्या विद्यार्थ्याने २०२० साली आपल्या दोन अध्यापकांबरोबर काळ्या आणि तपकिरी त्वचेवर रोगलक्षणे कशी दिसतात ह्याची पुस्तिका काढली. तसे काम आपल्याकडेही एखाद्या वर्गाला करता येईल. वस्तीत काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, काळ्या ओठांवर निळेपणा लवकर दिसत नाही. जीभ आणि हिरड्या पाहाव्यात. रक्त कमी आहे का ते पापणीच्या आत आणि तळहातावर पाहावे, कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्यात. आणि यंत्र ९६ म्हणत असले तरी माणूस दम लागतो म्हणत असेल, तर माणसाचे ऐकावे.

आई आता बरी आहे. ह्या लेखाचा विषय तिला सांगितला तेव्हा तिने हात पुढे केला आणि विचारले, "मोजून काय व्हनार, गोरी व्हनार का मी?" मी म्हटले, नाही, पुढच्या वेळी आकडा खरा येईल. "मंग मोजा," ती म्हणाली.